लूण

जानेवारीतला रविवार. पो नदीच्या सपाटीवर
धुकं इतकं, की बसवाल्यानं बस
बीटच्या शेताकडेला उभी केली
आणि दोन्ही हात वर केले : आता उद्याच.
माझ्या बॅगेत दूध काढायच्या यंत्राच्या रबरी नळ्या,
कॅटलॉग, दरपत्रक. पायात कचेरीतले बूट.
सोबतीला गाईंचा वास. गाई दिसत नव्हत्या.

मग धुक्यातून आधी एक पिवळं जाकीट आलं,
मग त्याखालची सायकल,
मग दाढी, दाढीवर दवाचे थेंब.
'जेवलात?' त्यानं विचारलं. नाव नंतर सांगितलं.
तरलोचन. चारशे गाई बघतो,
पहाटे तीनला उठतो, आज सुट्टी
म्हणून भांडी घासायला निघालाय.

कधीकाळी चीजचं गोदाम होतं ते.
आता वर एक बेताचा घुमट,
खाली दाराशी चपलांच्या फळ्या, गमबूटच जास्त.
मी बूट काढले. मोजे ओले, एकाला भोक.
टोपलीतला केशरी रुमाल घेतला, गाठ बसेना.
दहा वर्षांचं एक पोर मागं येऊन उभं राहिलं,
इटालियनमध्ये दटावलं : डोकं हलवू नका.
न्हाव्यापुढं बसावं तसा मी गप्प.

आत पाठ चालू होता. चवरी हलत होती.
कपाळ टेकलं तर गालिचा ऊबदार :
माझ्या आधी कुणीतरी नेमकं इथंच टेकलं असणार.
पुढं कळलं, खालून गरम पाण्याच्या नळ्या आहेत.
तरी पहिला समज मी राहू दिला.

'किती द्यायचे?' ही माझी सवय.
नसीब कौरनं ऐकलंच नाही, की ऐकून
हातात लाटणं दिलं, कुणास ठाऊक.
माझी पहिली पोळी गाईच्या कानासारखी झाली.
ती हसली, तव्यावर टाकली, फुगवली,
आणि चांगल्या पोळ्यांच्या मधोमध सरकवली.
मग डाळीवर वाकून, न बघता हात पुढं केला :
'पुत्त, लूण.'

लूण? मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
कुठंतरी फळीवरची एक जुनी बरणी हलली :
लोणचं. लिंबलोण.
मी मिठाचा डबा दिला.
'समझ गया!' तिनं साऱ्या स्वयंपाकघराला सांगितलं,
जणू मी नदी पोहून आलो होतो.

पंगतीत माझ्या शेजारी एर्मेस.
ब्याऐंशी वर्षांचा, इथलाच गवळी.
मुलगे मिलानला गेले, गोठ्यात कुणी उरेना,
तेव्हा ही माणसं आली.
दर रविवारी तो एक भोपळा घेऊन येतो,
मांडी जमत नाही म्हणून पाय लांब करून बसतो.
'माझ्या गाईंना पंजाबी येते,' म्हणाला,
'मला तीस वर्षांत पाचच शब्द. त्यातला एक : बस.
तो म्हटला तरी वाढतात.'
त्याच्या ताटात गाईचा कान पडला.
मी श्वास रोखला.
त्यानं तो चार घासांत संपवला
आणि भोपळ्याच्या भावाविषयी बोलत राहिला.

दरपत्रक मी काढलंच नाही.
तरलोचन गोठ्यातल्या पंपाबद्दल सांगत होता,
कसा घरघरतो, कसा मध्येच धाप टाकतो,
आणि मी, कधी नव्हे ते,
नुसता ऐकत होतो.

निघताना बूट फळीवर नव्हते.
हीटरपाशी होते, चिखल पुसलेला,
आत कालच्या वर्तमानपत्राचे बोळे.
कुणी केलं विचारलं तर
प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं,
त्या पोरानं तर थेट एर्मेसकडं.

दुधाच्या गाडीतून स्टेशन. धुकं तसंच.
फलाटावर लक्षात आलं,
उजव्या बुटात एक बोळा राहून गेलाय.
अंगठ्याला लागत होता.
गाडी येईपर्यंत मी येरझाऱ्या घातल्या,
तसाच.