फास्ट

आपल्याकडे हा शब्द आला तो धावतच,
हातात एकच पिशवी घेऊन.
बाकीचं सामान मागे राहिलं त्याचं,
स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एफी गावन्सच्या घरी.

तिथे पहाटे वॉटी होडी धक्क्याला आणतो,
दोर फेकतो, ओरडतो: फास्ट!
एफी मुळीच घाई करत नाही.
लोखंडी खुंटाला दोन वेढे, वर गाठ, मग ताणून बघते.
झाली होडी फास्ट,
म्हणजे आता तसूभर हलायची नाही.
तळाखालून ओहोटी चाललीय, तीही फास्ट.
एफीला यात काही विचित्र वाटत नाही.

वॉटीचा निळा स्वेटर तिच्या आईने विणलेला.
बावीस वर्षं खारं पाणी, माशांचं रक्त, धुण्याचा सोडा;
रंग फास्ट.
कोपरं तेवढी गेली.

आणि नॅन, धाकटी बहीण.
एकोणिसाव्या वर्षी ओठ रंगवून
कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून
भर रविवारी चर्चच्या दारावरून गेली,
तेव्हा मिसेस इमरी हातमोजा तोंडाशी नेत म्हणाल्या,
मुलगी फास्ट आहे.
आपण अशीला चालू म्हणतो.
बाईचं सगळं पायांवरूनच ठरतं,
आपला वेग तेवढा कमी.

नॅन कॅनडाहून परत आली ती चाळीस वर्षांनी,
एका दुपारपुरती.
समुद्राच्या दमट हवेने फुगून दार चौकटीत रुतलेलं.
आतून एफी ओढतेय, बाहेरून नॅन ढकलतेय.
"फास्ट आहे गं!"
"कोण, दार की मी?"
मग बराच वेळ कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही.
लाकडाच्या दोन्ही अंगांनी नुसतं हसू.

चहा झाला. कोण कोण गेलं ते सांगून झालं.
मिसेस इमरींचं नावही निघालं, जपून.
बोलता बोलता नॅन खुर्चीतच झोपली.
झोपही तिथे फास्ट असते,
सगळे दोर बांधून झालेल्या होडीसारखी.

साडेचारची बस दारासमोरच थांबते.
भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले.

ते घड्याळ सात मिनिटं फास्ट.
वडिलांनी लावलेलं; ते गेल्यावर
काटा मागे घ्यायला कुणाचा हात धजला नाही.
आजवर त्या सात मिनिटांचं
काय करायचं ते कुणाला कळलं नव्हतं.

एफी नॅनचा कोट घेऊन तिच्यावर वाकली,
हाक ओठांपर्यंत आली.
आणि ती परत बसली,
कोट मांडीवर घेऊन.