हिरवी पट्टी

दुमागेतेत रात्रीचे दोन, कुतैसीत दहा.
नेस्तान अंगातला कोट न काढताच बसली आहे.
माझ्या डोक्यावर पंखा, आणि छताला टुको पाल,
थोड्या थोड्या वेळाने स्वतःचंच नाव पुकारणारी.
म्हणून मी माझा माइक बंद ठेवतो.
तिचा चालू हवा. नियम आहे.

बोला काहीतरी, मी टाइप करतो.
ती बोलते. ओठ हलतात.
हिरवी पट्टी ढिम्म.
परवानगी दिलीत? दिली.
दुसरं काही उघडं आहे? नाही.
ब्राउझर बंद करून परत या.
येते. केस विस्कटलेले,
जशी काही संगणकाच्या आत जाऊन आली.

मग पट्टी हलते,
तिचे ओठ मिटलेले असताना.

म्हाताऱ्याचा आवाज, खर्जातला.
चार वाक्यं, आणि थांबणं. पुन्हा चार, पुन्हा थांबणं.
भाषा मला येत नाही, पण ते थांबणं ओळखीचं:
आई गेल्यावर माझा बाप असाच बोलायचा
मासे साफ करताना,
उत्तरापुरती जागा सोडून.

खोली दाखवा.
ती लॅपटॉप उचलून फिरवते: कपाट,
पलंगाखालची पेटी, दाराला अडकवलेली छत्री,
सीमाशुल्काच्या जाड पुस्तकावर अक्रोडाची टरफलं.
कोणी नाही.
आवाज चालूच.

ध्वनी, त्यात इनपुट. कोणतं नाव दिसतंय?
ती वाचते, कपाळावर हात मारते,
इयरफोनची डबी उघडून कॅमेऱ्यासमोर धरते.
एक आहे. एकाची जागा रिकामी.

धावत जाते, धावत येते, तळहातावर दुसरा.
"आजोबांच्या कानात होता. रात्री बातम्या ऐकतात.
आत्ता भाषण पाठ करतायत,
उद्या माझ्या यशाचा प्याला उचलायचाय.
मध्ये थांबतात ते
सगळ्यांनी पिऊन घ्यावं म्हणून."

परीक्षा अजून सुरूही झालेली नाही, मी टाइप करतो.
"तेच सांगून आले."

लॅपटॉपचा माइक निवडा. बोला.
"येतंय का ऐकू?"
पट्टी टुणकन वर.

माझ्या नोंदीत एक रकाना असतो:
खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज, होय की नाही.
'खोलीत' हा शब्द मी दोनदा वाचतो.
नाही, लिहितो.

शुभेच्छा द्यायला क्षणभर माझा माइक उघडतो.
टुको आधी बोलते.

नेस्तान दचकून मागे बघते.