दुसरा हप्ता

रकाना नववा :
श्रोत्यांची संख्या, पुराव्यासह.

अडावदला, सोसायटीच्या गोदामामागं,
खताच्या गोण्या ठोकलेल्या खोलीत
बेबाताई बाविस्कर पेन चावतेय.
आधी हप्ता अडकला, मग बिल, मग वीज.
अकरा दिवस
ना केळीचा भाव, ना हरवलेली म्हैस,
ना तिचं ‘राम राम मंडई’.
दिल्लीहून फोन : मॅडम, अंदाजे चालणार नाही.

दुपारी दारात धुडकू कोळी,
पिशवीत रेडिओ, मुठीत चार सेल.
‘दोन डाव बदलात, तरी मुका.
तूच बिमार शे का वं?’

तिनं लिहिलं : एक.
पुराव्याला टाचणी शिरेना,
मग सुतळीनं
सेलच बांधले अर्जाला.