टाकी साफ करून मिळेल

भानुशालीशेठनी चौदा पानं मागितली होती.
मी एकच लिहिलं.

‘वाशीमध्ये पाण्याची टाकी साफ करून मिळेल.
अनुभवी कर्मचारी. वाजवी दर.’
मग वाशी खोडलं, नेरुळ घातलं.
नेरुळ खोडलं, सानपाडा.
चहा गार व्हायच्या आत
ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत
सगळं शहर स्वच्छ.
(घणसोलीच्या पानावर तेवढं
‘तमाम वाशीकरांचा विश्वास’ राहून गेलं.)

सव्वा महिन्याने फोन.
‘मॅडम, तेरा पानं दिसतच नाहीत.
एकच येतं वर, तेही जुईनगरचं,
जिथे आपलं गिऱ्हाईक नाही एक.’

शिक्षा नाही हो शेठ, मी म्हटलं,
चौदा वह्यांत एकच निबंध निघाला
तर बाई कुठलीतरी एक तपासतात,
बाकीच्या टेबलावर पडून.
कुठली, ते आपण सांगितलं नव्हतं.
त्यांनी आपलं ठरवलं.

खरं तर मला कळायला हवं होतं.
मी सेक्टर नऊमध्ये राहते.
सेक्टर नऊ वाशीला आहे, नेरुळला आहे,
ऐरोलीलाही आहे.
तोच पिवळट रंग, तेच चार मजले,
जिन्याखाली तीच मीटरची पेटी.
गेल्या वर्षी आईची रक्तदाबाची औषधं
दुसऱ्याच सेक्टर नऊला पोचली,
कुणा वाघुलकरांनी सही करून ठेवून घेतली.
चांगली माणसं. पण आईने दोन दिवस
गोळ्यांविना काढले.

तेव्हा शनिवारी बारकू मढवीच्या टेम्पोत बसले.
‘सगल्या टाक्या येकसारक्याच की हो, बारकूभाऊ?’
मी त्याच्यासारखं बोलायला गेले.
तो हसला. ‘उतरून बगा,’ म्हणाला.

तुर्भ्यात तळाशी दगडखाणीची धूळ,
भिजवलेल्या कणकेसारखी, खरवडावी लागते.
करावेला खाडीचा वारा
झाकणाची बिजागरी खातो,
साफसफाईआधी हातोडी लागते.
कोपरखैरण्यात घरावर घर, त्यावर टाकी,
आत फक्त त्याचा मेहुणा मावतो,
तोही श्वास सोडून.
आणि वाशीच्या एका जुन्या सोसायटीत
जमिनीखालच्या टाकीतून
गाळाबरोबर एक स्टीलचा पेला वर आला.
बारकूने तो शर्टाला पुसला.
कोरलेलं होतं: सौ. कुमुद वि. दाभाडे.

आईकडेही असे आहेत, लग्नातले.
शंभर पेले, एकाच दुकानातले,
चाळीत कुणाच्याही घरी जायचे,
नावावरून परत यायचे.

घरी येऊन पाच पानं मिटवली.
त्यांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या:
इथे आता कोणी राहत नाही,
शेजारी सानपाड्याला विचारा.
दरपत्रकाच्या छापील प्रती ठेवाव्याच लागल्या,
पण प्रत्येकीच्या कपाळावर कोरलं
की मूळ कुठलं.
उरलेली नऊ पुन्हा लिहिली,
धुळीला धूळ, बिजागरीला बिजागरी,
मेहुण्याच्या परवानगीने मेहुणा.
बारकूचं नाव तुर्भ्याच्या पानावर पहिल्याच ओळीत.
शेठ म्हणाले, एवढं कशाला, किती वेळ गेला.
बिल मात्र पूर्ण दिलं.

पानं हळूहळू दिसू लागलीत.
जुईनगर अजून हट्टाने मधूनच वर येतं,
जाईल.

काल कळलं, कामोठ्याच्या कुणीतरी
माझं तुर्भ्याचं पान जसंच्या तसं उचललंय.
गावाचं नाव तेवढं बदललंय.
खाणीची धूळ, भिजवलेली कणीक, सगळं तिथे,
पहिल्याच ओळीत बारकू मढवी.
लोक फोन करतात त्यांना
आणि म्हणतात, दुसरं कुणी नको,
त्यालाच पाठवा.