नारू

वडगावात मागाच्या खटखटीत चाळीस वर्षं काढलेला माणूस
ऐकण्यात कमी पडतो, मान्य.
पण डॉक्टरीणबाई नीट माझ्याकडे बघूनच म्हणाल्या,
"नारु भाळ तिन्री."
मी खुर्चीतून अर्धा उठलो.

कानानं तो शब्द मराठीत घेतला होता.
नारू म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी.
नारू म्हणजे चंद्राक्का आत्याच्या पोटरीतून
डोकं काढलेला पांढरा दोरा,
आणि आजा तो काडीला गुंडाळतोय,
रोज बोटभर.
तो खायचा? आणि तोही भाळ?

कंपाउंडर पोट धरून हसला.
"ओ देवांग, कानडीत तंतूला नारु म्हणतात की!"
साठ वर्षं दोन भाषांत उठतोय बसतोय,
आणि माझ्याच धंद्यातला हा शब्द
कधी माझ्या फणीतून गेला नव्हता.

कागदावर लिहिलं होतं:
उपाशीपोटी साखर एकशे अडतीस,
वाईट कोलेस्टेरॉल एकशे बहात्तर.
बाई म्हणाल्या, तंतूत दोन जाती.
एक चोथा, तो तसाच जातो.
दुसरा पाण्यात विरघळतो, तो तुमच्या कामाचा.
मी म्हटलं, पाण्यात विरघळणारं सूत
आम्ही मालकाच्या अंगावर परत टाकतो.
त्या हसल्या नाहीत. पुढच्या पेशंटला हाक मारली.

रात्री कमळाक्कानं वाटीत मेथ्या भिजत घातल्या.
पहाटे बोट घातलं तर
बुळबुळीत, दाट, बोटाला सोडेना.
मी ओरडलोच, अगं, ही तर खळ!

मग बाप दिसला,
गल्लीभर ताणा पसरून पाजणी करणारा,
हातात ब्रश, धोतराला खळीचे डाग.
बिनखळीचा धागा धोट्याच्या पहिल्याच फेरीला
कटकट तुटतो.
खळीतून गेलेला दमानं चालतो.
आता माझ्याही आत तेच,
आतड्याच्या अरुंद बोळात
भाताची साखर धावत रक्तात घुसत नाही,
खळीतून पाय उचलत येते.
आणि पित्त म्हणे त्या खळीला चिकटून बाहेर जातं,
मग काळजाला नवं पित्त करायला
रक्तातलंच कोलेस्टेरॉल उचलावं लागतं.
गोदामातला जुना माल असा हलतो.

पहिला आठवडा पोटात ढोल वाजले, ते सांगायला हवं.
सून दारं उघडी ठेवायची.
पाणी वाढवा, हळूहळू वाढवा, बाई म्हणाल्या,
एकदम सगळं भरलं की मागसुद्धा अडतो.

खासबागच्या बाजारातनं आता पिशवीत
गवार येते, भेंडी येते, हुलगे येतात.
भाकरीवर जवसाची चटणी, वर तेल बेताचं.
गवारीच्या बियांचा डिंक गिरणीवाले खळीला वापरतात,
हे मी भाजीवालीला सांगितलं.
ती म्हणाली, मग दोन रुपये जास्त दे की.
कुंद्याच्या दुकानासमोरून जाताना
मी अजून सायकल पलीकडच्या अंगानं काढतो.

तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल एकशे त्रेपन्न.
साखर थोडी खाली, फार नाही.
मी विचारलं, गोळी सोडू?
बाई या वेळी मराठीत बोलल्या,
अडखळत, पण चूक न करता:
"खळ म्हणजे सूत नव्हे, मामा. गोळी राहू दे."
म्हणजे त्या दिवशी माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

आत्याचा पाय बरा व्हायला महिना लागला होता.
मी तेव्हा सात वर्षांचा, शेजारी बसायचो,
घाईनं म्हणायचो, ओढ की एकदम, संपव.
आजा काडीवरून नजर न काढता म्हणायचा,
"ओढला की तुटतो."
आणि पुन्हा बोटभर.

वाटी झाकून ठेवलीय.
वीज गेलीय, माग गप्प आहेत.
अंधारात मेथ्या फुगतायत.