काच निवळेपर्यंत

रुवीत, खमीस झदजालींच्या दुकानात
तो घड्याळांच्याच कपाटात ठेवलेला होता.
वरच्या तबकडीवर चार बारीक काटे,
एकही वेळ दाखवत नव्हता.
"बंद पडलंय," मी म्हटलं.
"सिस्टर, हे घड्याळ नाही," खमीस म्हणाले.
"भाव मात्र घड्याळाचा."
मी सिस्टर नाही, एक्स-रे काढते,
हे सांगायचं तेव्हाही राहिलं.

दोन पगार. हप्त्यांनी.
वहीत माझं नाव उजवीकडून डावीकडे गेलं.

मुठीत मावतो. अंग टायटॅनियमचं.
तो धातू ओळखीचा आहे माझ्या:
खुब्यात, मणक्यात, मोडून सांधलेल्या मनगटात
रोज बघते त्याला, पांढरा, निवांत,
हाडापेक्षा खात्रीचा.
बाहेरून हात पहिल्यांदाच लावला.

बटण दाबलं की भिंग बाहेर येतं,
कासवाच्या मानेसारखं, पण घाईनं,
आणि काटे टुणकन जागेवर बसतात.
एक सांगतो किती दूर,
एक किती उघडं,
एक किती उरले.
चौथ्याचं काम दोन महिने कळलं नाही.
तो माझ्यासाठी होता:
यंत्राचं म्हणणं पटलं नाही
तर किती पटलं नाही, ते नोंदवायला.

दोषही सांगते.
फ्लॅश नको, तर दर वेळी नको म्हणावं लागतं.
मिटून उघडला की विसरतो,
पानावर आडवा हात धरला तरी
वाढतच राहणाऱ्या काकूंसारखा.
आणि पाठीवरचं कॅलेंडर
दोन हजार एकोणीसला संपतं.
पुढची वर्षं त्याच्या लेखी नाहीतच.
तारखेच्या जागी मी नुसत्या रेघा ठेवल्यात.

रोल फ्रीजमध्ये, फिलोमिनाच्या सुरमईशेजारी.
ती रोज नाक मुरडते, माझ्याच डब्यांकडे बघून.

ऑगस्टात खमीस दुकान बंद करणार होते.
एक फोटो, म्हटलं, दारात.
एसीतून बाहेर पाऊल टाकलं
आणि मत्रहचा अख्खा दमट समुद्र
भिंगावर येऊन बसला.
पुसायचं नसतं. थांबायचं.

ऊन खांद्यावर घेऊन उभे राहिलो.
ते बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलले
(तो एक्स-रे मीच काढला असणार,
दोघांनाही आठवेना),
मग एका जुन्या स्टुडिओबद्दल,
जिथे पासपोर्टच्या फोटोसाठी
कोट भाड्यानं मिळायचा.
अख्ख्या रुवीला तो एकच कोट.
बाह्या सगळ्यांनाच लांब.
"निवळली?" मध्येच विचारायचे.
नाही, म्हणत राहिले मी.
निवळली होती तरी.

मग एकदाच दाबलं. आवाज
जीभ टाळूला लागावी तेवढा.

लॅब इथे उरली नाही. रोल मिरजेला न्यायचा.
विमानतळावर, सरकत्या पट्ट्याच्या तोंडाशी
डबी मुठीत धरून उभी राहिले: यातून नको.
किरण काय करतात ते मला विचारा,
सोळा वर्षं शिशाचा एप्रन घालते आहे.
पोरगा वैतागला नाही.
डबी कानाशी नेऊन हलवली त्यानं,
लहान मुलं नारळ हलवतात तशी.
"आत काय आहे?"
छत्तीस, म्हटलं.
भिंती, बोटी, एक सुरमई,
शेवटी एक माणूस, दारात उभा.
"बघू?"
नको.
मागची रांग खोळंबली होती.
त्याला मी पुन्हा सांगितलं,
आता नको.