सुतात

दिवाळीला घातलेला टायर
महाशिवरात्रीला तारा दाखवायला लागला.
बाहेरून बघाल तर नवेपणाचे रबरी केस अजून अंगावर,
आणि आतली कड साफ टकली,
ओल्या फडक्यानं पाटी अर्धीच पुसावी तशी.

मुरगूड, बिद्री, गारगोटी.
पहाटे साडेपाचला इंडिका काढते,
दवाखान्यादवाखान्यांतनं रक्ताच्या नळ्या गोळा करते,
मागच्या सीटवर बर्फाची पेटी, तिला पट्टा लावलेला,
दहाच्या आत राजारामपुरीत, लॅबच्या दारात.
गाडी सरळ जायची. फक्त स्टिअरिंग
जरासं डावीकडं धरावं लागायचं.
मधला कंपनीचा शिक्का मान तिरकी करून
माझ्याकडं बघत राहायचा साठ किलोमीटर.
मग सवय झाली.
सरळ जायचं तर वाकडंच धरायचं असतं,
असं वाटायला लागलं.

"तीनदा केलो की अलाइनमेंट," मी म्हटलं.
तीन कागद पुढं केले, सगळे आकडे हिरवे.
दस्तगीर शिकलगारनं कागद घेतले
आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.
उद्यमनगरातली दुपार, पलीकडं फौंड्रीत ओतकाम चाललेलं,
जळक्या वाळूचा वास, लेथची किरकिर.
तो गाडीच्या पुढं गेलाच नाही.
मागं उकिडवा बसला.
"पुढचंच बघितलंय समद्यांनी.
मागनं कोण बघतंय, वैनी?"

मग म्हणाला, हात फिरवा.
आतनं बाहेर न्या: मांजर.
बाहेरनं आत आणा:
करवत.
तळहाताला कळलं ते चार महिने डोळ्यांना कळलं नव्हतं.

गवंड्याचा नायलॉनचा दोरा,
दोन्ही अंगांना दोन-दोन स्टँड, दोरा ताठ,
बोटानं छेडला तर वाजेल एवढा.
स्टीलची पट्टी रिमला टेकवून तो आकडे बोलायचा
आणि पोरगं खडूनं फरशीवर लिहायचं.
उजवं चाक: तेवीस, तेवीस.
डावं: पुढं एकवीस, मागं सव्वीस.
पाच मिलीमीटर.
"म्हंजे हे चाक येगळ्याच गावाला निघालंय,
बाकीची तिघं ह्याला वढत न्यायलीत."

आर्मचा बुश फाटलेला. रिमच्या आतल्या अंगाला
एक चेप, नखाएवढा, गंजाची कड धरलेला.
"ह्यो खड्डा न्हवं. कठडा हाय.
कुणीतरी आडवी घातलीया. तुम्ही?"
मी नाही म्हटलं नाही.
डिसेंबरातली एक रात्र आठवली,
पन्हाळ्याला मित्राचा वाढदिवस,
विश्वतेजनं किल्ली टीव्हीवर ठेवली
ती इतकी हळू, की आवाज झाला नाही.
सकाळी गाडी धुतलेली होती.
मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

नवा बुश, दीड मिलीमीटरची शिम,
पुन्हा दोरा, पुन्हा पट्टी, बावीसला बावीस येईपर्यंत
दस्तगीर तीनदा गाडीखाली गेला.
"आता सुतात हाय.
पण टायर गेला त्यो गेला. त्येला काय शिम नाही."
पैसे घेताना नळ्यांची पेटी बघून म्हणाला,
ह्यात कुणाची साखर वाढली ते लिवलेलं असतंय न्हवं?
म्हटलं, असतं. मला वाचता येत नाही.

परतताना फुलेवाडीपर्यंत उगाच गेले.
हात सैल सोडले तरी
गाडी आपली आपण जात होती.
आणि माझाच हात सवयीनं
डावीकडं ओढत होता.

विश्वतेज जेवत होता, मोबाइल ताटाला टेकवून.
भाकरी वाढता वाढता म्हटलं,
उद्या एक टायर बदलायचाय,
जॅक लावायला येतोस?

त्यानं घास तसाच धरला.
आमटीचा थेंब मनगटापर्यंत आला.
"मागचा डावा?"